कमान लांबून दाखवणारी छत्री

मी एक जुनी काळी छत्री आहे. मित्रांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण मी आयुष्यात फारशी उघडलेच नाही. माझं काम बंद राहून उंच होण्याचं होतं.

छत्रीवाल्याने आठ पोलादी काड्या आणि लाकडी मूठ जोडून मला बनवलं, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. मला विकत घेतलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तरांनी. दर रविवारी सकाळी ते लोकांना जुन्या वस्तीतून पायी फिरवत. दोन तासांत चार चौक. मला डोक्यावर धरलं की पंधरा-वीस माणसं मुकाट मागे यायची. माझ्याच टोकाने ते सज्जे, खांब आणि खिडक्यांवरची नक्षी दाखवत. छत्रीवर नजर ठेवा म्हणजे कोणी हरवणार नाही, असं ते सांगत आणि मी मिटलेली असूनही फुगून जायचे.

मास्तरांची एक पद्धत होती. इमारत बघायची ती चौकाच्या मधोमध उभं राहून. जवळ गेलं की नुसती भिंत दिसते, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या चौकातली दगडी कमान ते अशीच लांबून दाखवत आणि तिचा आराखडा काढणाऱ्या वास्तुविशारदाचं तोंड भरून कौतुक करत.

एका रविवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. आईला फार चालवत नव्हतं, म्हणून तिसऱ्या चौकातल्या बाकावरच दोघी थांबल्या होत्या. कमानीचं कौतुक संपल्यावर बाई पुढे आल्या. ही कमान माझ्या वडिलांनी बांधली, असं त्यांनी सांगितलं. ते गवंडी होते आणि आई त्यांच्या हाताशी चुना वाहत होती. काम संपलं त्या दिवशी दोघांनी कमानीच्या आतल्या बाजूला ओल्या चुन्यात अंगठे उमटवले होते.

"एवढं एकदा सगळ्यांसमोर म्हणा," त्या म्हणाल्या. "आई ऐकतेय."

मास्तर सज्जन, पण पुस्तकात नसलेलं बोलायला त्यांची जीभ रेटेना. "जवळून बघून खात्री करतो, ताई. पुढच्या रविवारी नक्की सांगतो."

कमान जेमतेम वीस पावलांवर होती. पण चौथा चौक राहिला होता, म्हणून त्यांनी मला वर केलं आणि लोक निघाले. त्यांना तिथून हलवलं ते मीच. ही बोच मला अजून आहे.

पुढचा रविवार आला आणि गेला. कधी गर्दी, कधी उशीर. माझ्या टोकाने तेच जुनं कौतुक चालू राहिलं. मायलेकी आणखी दोनदा आल्या, बाकावर बसून ऐकून गेल्या. मग यायच्या बंद झाल्या.

थंडीतल्या एका रविवारी कोणीच आलं नाही. मास्तर सवयीने एकटेच फिरले. त्या दिवशी घाई कसलीच नव्हती, तेव्हा माझा आधार घेत ते कमानीखाली गेले आणि चष्मा कपाळावर चढवून शोधू लागले. दोन अंगठे होते, शेजारी शेजारी, एक मोठा आणि एक लहान. मास्तरांनी दोन्हींवर बोट टेकवून पाहिलं.

पुढच्या रविवारी त्यांनी लोकांना थेट कमानीखाली नेलं आणि सगळं सांगितलं. लोकांनी एकेक करून वाकून पाहिलं. मग पत्ता विचारत मास्तर बाईंच्या दुकानात गेले. सांगितलं एकदाचं, आता दर रविवारी सांगेन, आईंना घेऊन या, असं ते म्हणाले.

बाईंनी मशीन थांबवलं. "आई गेली, मास्तर. दोन महिने झाले. दर रविवारी मला विचारायची, आज म्हणाले का?"

मास्तर मला काखेत धरून घरी परतले.

आता ते मला नेत नाहीत. मोकळ्या हातांनी लोकांना भिंतीपर्यंत घेऊन जातात. मी दारामागच्या खुंटीवर असते आणि माझ्या दोन काड्या गंजल्या आहेत. मित्रांनो, मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. पण कोणी आपल्या माणसाचं काम दाखवायला आलं, तर ती वीस पावलं त्याच दिवशी चाला.