खंडेनवमीचा नारळ

मला राग लवकर येत नाही, पण आला की जात नाही. वडपे नाक्यावरच्या देवीच्या मंडपात भूपेशने जो नारळ फोडला, त्याचा राग वर्ष झालं तरी आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मेघाली ही माझ्या भाच्याची, धनेशची मुलगी. ती ल्यूज खेळते. बर्फाच्या पन्हळीसारख्या वाटेवर छोट्या गाडीवर उताणं पडायचं, पाय पुढे करायचे आणि सव्वाशेच्या वेगाने खाली यायचं. गाडीला ब्रेक नाही. पोटऱ्यांनी दाबून वळवायची. गावात तिला घसरगाडी म्हणतात. आमच्याकडे बर्फ पाहावा तो मासळीच्या पेटीत, पण उतार भरपूर. जिथे मी लहानपणी भात लावलं तिथे आता गोदामं आहेत, आणि ट्रकसाठी सिमेंटचे लांब उतार. रविवारी ते मोकळे असायचे. पोरगी चाकं ठोकलेल्या फळीवर झोपून त्यावरून सुटायची. त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि हिमाचलातल्या शिबिराचं बोलावणं आलं. तेव्हा ती पंधराची होती. पुढच्या सात वर्षांत खांद्याचं हाड दोनदा मोडलं, पण देशाच्या संघात आली.

गेल्या वर्षी दसऱ्यासाठी ती घरी आली ती गाडी घेऊनच. महिन्याने युरोपात पात्रता शर्यत होती. त्यात पहिल्या विसात आली तरच पुढच्या मोठ्या स्पर्धेत जागा. सगळं त्या एका शर्यतीवर होतं. गाडीखाली दोन पोलादी पाती असतात, तीच बर्फावर धावतात. मेघाली रोज मांडी घालून बसायची आणि बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरांनी ती घासायची. आरशासारखी झाली की तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळायची. दुसरी जोडी नव्हती.

नवमीच्या सकाळी भूपेश आला. गोदामांना गाड्या पुरवायचं कंत्राट त्याचं, आणि धनेश त्याचाच टेम्पो चालवतो. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

"मेघाली, तुजी गारी मंडपान ठेवाची हाय. खंडेनवमी हाय ना. तुजं शस्त्र त हीच."

"काका, पाती उघडी नाही ठेवता येत. गंज धरतो."

"देवीसमोर कसला गंज? धनेश, समजाव हिला."

धनेश खाली बघत राहिला. मेघालीने बापाकडे पाहिलं आणि मग गाडी उचलली.

मी मागोमाग गेले. मंडपात ट्रकच्या किल्ल्या, पाने, जॅक, कुणाचा लॅपटॉप, सगळं ओळीने मांडलेलं. मधोमध गाडी उलटी ठेवलेली, पाती वर. भूपेशने हळदकुंकू ओलं करून पात्यांवर बोटं ओढली. मग नारळ उचलला.

"भूपेश, नारळ बाजूच्या दगडावर फोड," मी म्हणाले. "लोखंडाला ते पाणी चालत नाही. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढलीत मी."

"आते, तू सुताच्या कांड्या भरल्यास, ह्यो विमानानं आलेला माल हाय," तो म्हणाला आणि पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला आधी प्रसाद द्या रे, बोलाची न्हाय मग!"

नारळ पात्यावरच आपटला. पाणी दोन्ही पात्यांवरून वाहिलं. वर ओल्या झेंडूचा हार. दसऱ्याला गाडी परत मागितली, तर सत्कार व्हायचाय म्हणून दिली नाही. तिसऱ्या दिवशी सत्कार झाला. फलकावर भूपेशचा फोटो मेघालीपेक्षा मोठा होता.

याच भूपेशच्या बापाने, सावळारामने, आमच्या वर्गातल्या चंपाला असाच सत्काराचा नारळ दिला होता. चंपा पळण्यात जिल्ह्यात पहिली आली होती. नारळ देऊन त्याच दिवशी तो तिच्या बापाला म्हणाला, "पोर मोठी झाली, आता किती पळवशील?" मार्गशीर्षात तिचं लग्न लागलं. लोक विसरले. मी विसरले नाही.

गाडी घरी आली तेव्हा पात्यांवर तांबडे ठिपके उठले होते. मेघाली रडली नाही. पेपर काढून घासायला बसली. मीही बसले.

लूमवर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या टोकाला खरबड आली की धागा तुटायचा. डोळ्यांना ती दिसत नाही. आम्ही बायका सुताचा सुटा पदर टोकावरून ओढून पाहायचो, अडकला की तिथे घासायचं. तसंच केलं. मी धागा ओढायचे, अडकला की म्हणायचे, "इथे," आणि ती घासायची. आठ दिवस हेच. धनेश येऊन दारात उभा राहायचा.

"आते, मी काय करू सांग."

"तेव्हा करायचं होतंस. आता पाणी आण."

सगळे ठिपके गेले, एक सोडून. डाव्या पात्यावर, टाचेकडे. तिथे धागा दरवेळी किंचित थबकायचा. जास्त घासलं तर पात्याचा आकार जाईल, असं मेघाली म्हणाली. तो तसाच घेऊन ती गेली.

ती एकविसावी आली. विसावीपेक्षा सेकंदाच्या हजार भागांतल्या एकोणीस भागांनी मागे. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

फोनवर ती म्हणाली, "आजी, खालच्या वळणावर मी खांदा उचलला. चूक माझीच असेल."

"आणि तो ठिपका?"

"ते कसं कळणार?"

हेच मला सहन होत नाही. हरली असती तर हरली असती. पण हार तिची स्वतःची आहे की त्या नारळाची, हे तिला जन्मभर कळणार नाही. आपली चूक आपली म्हणायचा हक्कसुद्धा त्या माणसाने घेतला. आणि नाक्यावर फलक लागला, 'वडप्याच्या कन्येचे घवघवीत यश'.

यंदा नवमीला भूपेश पुन्हा आला. मी जीभ परजून बसले होते. पण माझ्याआधी धनेश उठला. गाडी फडक्यात गुंडाळलेली होती, तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"शेठ, गारी न्हाय मिलाची."

"अरे, देवीचं काम हाय."

"देवीला मी हातानं नारळ नेऊन देतो." मग त्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि भूपेशच्या हातात ठेवली. "ही ठेवा मंडपान. वाटल तवा परत द्या, न्हायतर नका देऊ."

भूपेश किल्ली घेऊन गेला. ती अजून परत आलेली नाही. धनेश सध्या दुसऱ्याच्या गोदामात माल चढवतो.

मेघाली काल यंदाच्या शर्यतीला निघाली. जाण्याआधी मी दोन्ही नव्या पात्यांवरून धागा ओढून पाहिला. कुठेही अडकला नाही.