कागद बरा, गिरजा बरी न्हाई

कुंभारवाड्याच्या शाळेतलं बिसियूट, म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण, अकरा वर्षं गिरजाच शिजवत आलेली. तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली पोरं गोव्यात कामाला लागली, तरी गावी आली की तिच्या सांबाराचं नाव काढतात. आणि अशा बाईचं सांबार या महिन्यात दोनदा करपलं! शेगडीपुढं बसल्या बसल्या डोळा लागला, दुसरं काय. हेडमास्तर सज्जन, पण सज्जन माणूस तरी किती दिवस गप्प बसणार? त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या सोमवारी कमिटीची मीटिंग आहे. जमत नसेल तर वाडीतल्या येसूला ठेवू.

गिरजाला थायरॉईड. सहा वर्षं रोज उपाशीपोटी एक गोळी, आणि झकास चाललेलं. गेल्या दिवाळीला रक्त तपासलं, तर थायरॉईड जास्त वाढलाय असं निघालं. गोळी कमी झाली आणि तिथनंच सगळं बिनसलं. मार्चच्या उन्हात हिला थंडी, तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, फणीत केसांचे पुंजके. दोनदा तपासलं, दोन्हीदा रिपोर्ट नॉर्मल. हा मेला 'नॉर्मल' शब्द साऱ्या वाडीला पाठ झाला.

नवरा गुणा तर म्हणाला, "यंत्र म्हणतंय काय न्हाई, डॉक्टर म्हणतोय काय न्हाई. मग हे सोंग कसलं गं?"

"यंत्राला बोलवा की मग सांबार ढवळायला," गिरजा म्हणाली आणि रामनगरची बस धरली. गुणाही कुरकुरत मागून चढला.

रामनगरात सुमंगला नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला. "हा तर चांगला आहे."

"कागद बरा हाय बाई. मी न्हाई."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण उठून त्यांनी नाडी धरली. चोपन्न, फारच मंद. घोट्यावर रबरी हातोडी मारली, तर पाय झोपेतून उठल्यासारखा हळू हलला.

"अंग एक सांगतंय, कागद दुसरंच. गिरजाबाई, आणखी कुठलं औषध घेता?"

"न्हाई."

"टॉनिक? केसांसाठी काही?"

गिरजानं गुणाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दिवाळीआधी भाचीनं बेळगावहून केसांच्या गोळ्या आणल्या होत्या. गुणा चिडवेल म्हणून तिनं त्या शाळेतल्या डाळीच्या डब्यामागं लपवलेल्या. केस जास्त गळायला लागले तशी एकही दिवस गोळी चुकवली नव्हती.

"पण ते काय औषध हाय व्हय? ते केसांचं!"

"त्यात बायोटिन असतं. काही लॅबच्या मशीन त्यालाच धरून हार्मोन मोजतात. रक्तात ते फार झालं की मशीनच्या डोळ्यांत धूळ जाते आणि आकडा खोटा निघतो. चार दिवस ती गोळी बंद. थायरॉईडची चालू ठेवा. शुक्रवारी परत रक्त द्या."

बसमध्ये गुणा पार घरापर्यंत हसला. "पन्नाशी आली आन् केसांची हौस!"

रविवारी रिपोर्ट त्याच्या फोनवर आला. थायरॉईड कमी पडला की चढणारा, साडेचारच्या आत हवा तो टीएसएच अडतीस! गुणाचं हसू पळालं. "बाई गं, लई वाईट आलाय की."

"चांगला आलाय!" गिरजा ओरडली आणि तिथंच ओसरीवर ढसाढसा रडली. दिवाळीपासून ती खरं बोलत होती.

डॉक्टरीणबाईंनी फोनवरच गोळी पूर्वीइतकी केली. अंगात जीव यायला दोन महिने लागतील म्हणाल्या. सोमवारी कमिटीत हेडमास्तरांनी विचारलं, "मग तोवर येसू?"

गिरजा तोंड उघडणार, तोच गुणा उभा राहिला. घरच्या गोष्टी चारचौघांत न बोलणारा माणूस, कानापर्यंत लाल.

"रिपोर्ट नॉर्मल हुता तवा बी ही आजारीच हुती, सर. यंत्राला कळलं न्हाई ते ठीक. मी तर शेजारी झोपतोय, मला कळाय पायजे हुतं. हिला काढू नका. ढवळायचं, उचलायचं मी करतो."

मंगळवारी अख्खी वाडी काहीतरी निमित्त काढून शाळेवरनं गेली. गुणा कमरेला टॉवेल गुंडाळून, घामाघूम, मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होता.

"तळापासनं ढवळा," स्टुलावर बसलेली गिरजा म्हणाली.

"व्हय," गुणा म्हणाला.