हळू ओढलेली रेघ

झुरळाची मिशी काढणं वाटतं तितकं सोपं नाही. पाय एक वेळ खपून जातात. पायाला काटे असतात, सांधे असतात, रेघ जरा इकडेतिकडे गेली तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मिशी मात्र एका दमात जावी लागते, मुळाशी जाड आणि टोकाला केसाएवढी बारीक. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या त्या छोट्याशा स्टुडिओत मिश्या कुणी काढायच्या हा प्रश्नच कधी आला नव्हता. मामा काढायचे.

मामा म्हणजे स्टुडिओच्या मालकिणीचे सख्खे मामा. भाचीला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं होतं. स्टुडिओही मूळचा त्यांचाच. हिशेब, ग्राहक, फोन यांना कंटाळून त्यांनी तो भाचीच्या हवाली केला आणि स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले, सुखाने. मालकीण झाल्यापासून भाची चारचौघांत त्यांना 'तुम्ही' म्हणायला लागली. घरी 'तू'च होतं.

आता मामा घरी होते, आणि कीटकांचा धडा प्रकाशनाकडून तिसऱ्यांदा परत आला होता. संपादक बाईंनी शेरा मारला होता: मिश्या जिवंत वाटत नाहीत, तारा वाटतात. बाहेरच्या दोन चित्रकारांकडून काढून घेऊन झाल्या होत्या. तेव्हा भाचीने पदर खोचला, स्वतः मामांच्या टेबलाशी बसली, त्यांचा तो मोठा ड्रॉइंग टॅबलेट सुरू केला आणि त्यांच्यासारखीच, हळूहळू, श्वास धरून मिशी ओढली.

मिशी वाकडी आली. नुसती वाकडी नव्हे, तिला बारीक बारीक लाटा आल्या होत्या.

चहा जास्त झाला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पुन्हा ओढली. पुन्हा लाटा. मग तिने पेनाचं टोक बदललं, झिजलं असेल म्हणून. टॅबलेट बंद करून चालू केला. त्याचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. वायर बदलली. दाबाची सेटिंग्ज खालीवर करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. पलीकडे रंग भरणारी बाई बसली होती. तिला सगळे रंगवालीच म्हणत. मामा घरी बसल्यापासून हा टॅबलेट तीच वापरायची, पण तिचं काम डबडबीत रंग ओतण्याचं, तिला रेघेशी काय देणंघेणं. ती म्हणाली, "मॅडम, रेघ आपोआप सरळ करायची ती सोय चालू करा की. मी तर कायम चालूच ठेवते."

"त्याने मिशी तारेसारखी होते," भाची म्हणाली. "तोच तर शेरा आहे."

शेवटी तिने अशा वेळी करतात ती तपासणी करायची ठरवली. टॅबलेटवर पट्टी तिरकी ठेवायची, पट्टी लाकडी घ्यायची, कारण लोखंडीने पेन चुकतं, आणि पेन तिला टेकवून अगदी मुंगीच्या पावलाने रेघ ओढायची. हात थरथरत असला तरी पट्टी थरथरत नाही. रेघ तरीही हलली, तर दोष हाताचा नाही.

पट्टीला टेकवून ओढलेली ती रेघ पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी डुलत गेली.

तिने पट्टी काढली आणि तीच रेघ मोकळ्या हाताने झरकन ओढली. रेघ सरळ आली, अगदी बाणासारखी. पुन्हा हळू ओढली, पुन्हा डुलली. झरकन, सरळ. हळू, वाकडी. भाचीचं पेन हवेतच थांबलं, कारण ही झरकन ओढलेली सरळ रेघ तिने या टॅबलेटवर याआधीही एकदा ओढली होती, आणि तेव्हा खोलीत माणसं होती.

त्या दिवशी संपादक बाई आल्या होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मामांचा टोळ दाखवला जात होता. पडद्यावर टोळ बैलाएवढा झाला आणि त्याच्या मिशीतली प्रत्येक लाट सगळ्यांना दिसली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मामा खाकरून म्हणाले, "टॅबलेटमध्ये काहीतरी आहे. माझं पेन हल्ली ऐकत नाही." भाचीला त्या वेळी एवढंच दिसत होतं की काम हातचं जाणार. ती उठली, मामांच्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत एक रेघ ओढली. झरकन, आजकाल सगळे ओढतात तशी. रेघ बिनचूक आली. "टॅबलेट ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मामांचा हात आता थरथरतो. पुढचं काम आम्ही करू, तुम्ही काळजी करू नका."

वर हसलीसुद्धा. आता ते हसू आठवून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी पडद्यावर भाचीची रेघ पाहिली, आपली रेघ पाहिली आणि आपला उजवा हात हळूच मांडीवर ठेवला. त्यानंतर निरोपाचा कार्यक्रम झाला. भाचीने भाषण केलं, त्यात 'आता विश्रांतीचा हक्क' वगैरे शब्द होते, आणि ते बोलताना तिला आपल्याच औदार्याचं कौतुकही वाटलं होतं.

रेघ कशाने हलते ते शोधायला फार अक्कल लागली नाही. तिने एकेक गोष्ट बंद केली. दिवा, पंखा, मोबाइल. प्रत्येक वेळी पट्टीला टेकवून एक रेघ. मग ती टेबलाखाली वाकली. तिथे, टॅबलेटच्या बरोबर खाली, लाकडी फळीला मारलेला यूपीएसचा जड डबा घरघरत होता. वीज गेली तर काम वाया जाऊ नये म्हणून घेतलेला. तो बंद करून, फळीपासून सोडवून, ओढून दूर भिंतीशी नेला आणि टॅबलेटची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली. पट्टी ठेवली. रेघ पट्टीइतकी सरळ आली. डब्यातल्या विजेच्या लहरी पेनाच्या खुणेत मिसळत होत्या, आणि झरकन ओढलं तर त्यांना उमटायला वेळच मिळत नव्हता. पट्टी काढून हळू मिशी ओढली. साधारणच होती, पण एकही लाट नव्हती.

तो डबा तिथे कुणी बसवला, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आधी तो दाराजवळ होता, सगळ्यांच्या पायांत यायचा. "मामांच्या कोपऱ्यात टाका," असं सुताराला तिनेच सांगितलं होतं. "ते काही बोलायचे नाहीत."

आणि बाकी कुणाला तो नडला नाही, कारण बाकी कुणी हळू रेघ ओढतच नव्हतं.

रंगवालीला सगळं कळायला वेळ लागला नाही. बाई मनाने वाईट नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, आता कशाला उकरून काढता? ते घरी निवांत आहेत. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

भाचीला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. दुपारभर ती काम केल्यासारखं करत राहिली. सांगितलं नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. डबा भिंतीशी गेला, विषय संपला. शिवाय सांगायला गेलं तर मामा म्हणणार, मिश्या अडल्या म्हणून आलीस. आणि ते खोटंही नव्हतं. पण गेल्या खेपेला मामांकडे गेली होती तेव्हाचं एक दृश्य काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. मामी त्यांची दाढी करत होती. मामा हनुवटी वर करून, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. संध्याकाळ व्हायच्या आत तिने स्टुडिओला कुलूप लावलं आणि मामांचं घर गाठलं.

मामी भाजी निवडत होती. मामा तिच्यासमोर टेबलाशी, हात मांडीखाली घेऊन नुसते बसले होते. ते मदतीला का येत नाहीत, हे भाचीला विचारावं लागलं नाही, विळी जवळच पडली होती.

"मामा, तुझा हात थरथरत नव्हता," ती उभ्या उभ्याच म्हणाली. बसून बोलण्याची तिला हिंमत नव्हती. "यूपीएसमुळे रेघ हलत होती. तो मीच तुझ्या टेबलाखाली बसवून घेतला. आज माझीही रेघ हलली तेव्हा कळलं."

मामांनी विचारलं, "त्या दिवशी तू रेघ ओढलीस, ती कशी ओढलीस?"

"भरकन."

"मी तुला तशी शिकवली होती?"

"नाही."

"हं," मामा म्हणाले, आणि खिडकीकडे बघायला लागले. ते ओरडले असते तर भाचीला सोपं गेलं असतं. ओरडण्याचं खातं त्या घरात मामीकडे होतं, आणि तिने ते उघडलं.

"म्हणजे इतके महिने मी यांची दाढी करतेय ती तुझ्या डब्यापायी? सहीसाठी बँकेत जायचं तर यांना आदल्या दिवसापासून घाम फुटतो. नातीला उचलून घेत नाहीत, पडेल म्हणून. डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही, तर हे त्यालाच वेड्यात काढून आले. का, तर म्हणे माझी भाची खोटं बोलायची नाही." मामीने हातातली शेंग टोपलीत टाकली. "आणि तिथे चारचौघांत बोललीस ना? मग इथे माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुजबुजतेस काय? जिथे अब्रू घेतलीस तिथे दे."

"उद्या सगळ्यांना सांगते, मामी."

"उद्या कशाला? फोन नाही तुझ्याकडे?"

भाचीने फोन काढला. नंबर दोनदा चुकला. संपादक बाईंनी उचलल्यावर मामीने खूण केली, म्हणून तिने आवाज मोठा केला. मग तिने सगळं सांगितलं, टाळाटाळ न करता. टोळाची मिशी, तिची रेघ, टेबलाखालचा डबा, मामांचा हात. "त्या दिवशी मी तुमच्यासमोर चुकीचं बोलले. त्यांचा हात चांगला होता."

"कोण मामा?" बाई म्हणाल्या. "अच्छा, ते कोपऱ्यात बसायचे ते? अहो, मी तर विसरूनही गेले होते. बरं झालं सापडलं एकदाचं. मग कीटक कधी देताय?"

भाचीने फोन बंद केला. मामांकडे बघण्याची सोय नव्हती, म्हणून ती मामीकडे बघत होती, आणि मामी टोपलीकडे. ज्या गोष्टीने या घरातला एक माणूस मोडून ठेवला होता, ती तिथे कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती.

"बाई कामाचं माणूस आहेत," मामा म्हणाले. भाचीची लाज झाकायला ते असं काहीतरी बोलत, तिच्या लहानपणापासून. "बघू, कागद दे. पेन्सिल त्या फडताळात असेल."

भाचीने कागद आणला, पेन्सिल शोधून, टोक काढून दिली. मामांनी मांडीखालून हात बाहेर काढला, बोटं दोन-तीनदा उघडमीट केली आणि पेन्सिल धरली, जशी ते नेहमी धरायचे, फार मागे. श्वास आत घेतला. कोपऱ्यापासून तिरकी रेघ ओढायला सुरुवात केली. हळू.

रेघ थरथरली. सुरुवातीला थोडी, मग मधोमध चांगलीच. खाली टॅबलेट नव्हता, डबा नव्हता, वीज नव्हती. जुनं लाकडी टेबल होतं आणि कोरा कागद होता. भीतीने हलली, सवय गेल्याने, की वयाने, ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

आणि ती रेघ बघताना भाचीच्या छातीवरचा दगड क्षणभर हलका झाला. म्हणजे हात थरथरतोच की. म्हणजे आपण बोललो ते अगदीच खोटं नव्हतं. तिने हा विचार केला नाही, तो आपोआप आला, पण सुटल्यासारखा एक श्वास तिच्या तोंडून गेला, आणि तो गेल्यावर तिला कळलं की मामा कागदाकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत. भाचीने मान खाली घातली. मामांनी कागद टेबलावरून सरकवला, पेन्सिल मात्र सोडली नाही.

"दुसरा दे," ते म्हणाले. "आणि तू जरा बाहेर जाऊन बस."