दीक्षासाठी ठेवलेल्या कांड्या

मी सोऱ्या बोलतोय. पितळी, अमरावतीच्या भांडीबाजारातला. उन्हाळ्यात कुरडयांपुरती लोकांना माझी आठवण होते, मग वर्षभर माळ्यावर धूळ खात पडा. गरज सरो, वैद्य मरो!

संध्याबाई मात्र तशा नव्हत्या. त्यांनी मला हौसेनं घेतलं आणि अकोल्याला, जठारपेठेतल्या या घरात आणलं. त्यांची लेक दीक्षा कॉलेजात गेली, तशी मोबाइलवर कोरियन मालिका बघू लागली. एक दिवस म्हणाली, "आई, मले टोकबोकी खायाची हाय."

टोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या कांड्या, लाल तिखट रश्शात शिजवलेल्या. संध्याबाईंनी लगेच मला हाताशी घेतलं, मोठ्या भोकाची चकती बसवली. "त्यात काय मोठं? उकडच तर हाय!" मग काय, दर सुट्टीत मायलेकी माझी मूठ फिरवत खिदळायच्या. दीक्षाचे वडील श्रावणभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसते बघायचे.

दोन वर्षांपूर्वी संध्याबाई गेल्या. दीक्षा पुण्याला नोकरीत होती. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी ती शेजारच्या सुंदराबाईंना म्हणाली, "काकू, आता घरी आलं तरी आई नाई. मंग काहून येऊ?" तेव्हाही श्रावणभाऊ दारातच होते. त्यांनी ऐकलं.

तेव्हापासून मी माळ्यावर आणि ते खाली. घरात टीव्हीशिवाय कोणाचा आवाज नाही. फार वाईट वाटायचं हो.

यंदा उन्हाळ्यात दीक्षा म्हणाली, रविवारी येते. श्रावणभाऊंनी शनिवारीच स्टुलावर चढून मला काढलं, घासलं, समोर मोबाइलवर कृतीचा व्हिडिओ लावला. पण गड्यानं पीठ थंड पाण्यात कालवलं! मी काय डोंबल कांड्या पाडणार? भोकातून नुसता चिखल गळला. सुंदराबाई कुंपणावरून ओरडल्या, "भाऊ, काय करून राहिले? आधनाच्या पान्यात पीठ टाका, उकड घ्या!"

दुसऱ्यांदा जमलं. कांड्या कशा सुरसुर बाहेर आल्या! त्यांनी त्या उकळत्या पाण्यातून काढल्या, तेलाचं बोट लावून ताटात मांडल्या. मग दुकानातून आणलेला कोरियन मिरचीचा लाल गोळा रश्शात घालून चाखला. "हे त गोडच लागते!" घरचं तिखट दोन चमचे घातलं, लसूण ठेचून घातला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठे खूश झाले.

तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, सुट्टी रद्द झाली. पुढं पाहू."

"असू दे, बेटा. काम पाय तू."

अहो, सांगा ना तिला! कांड्या केल्या म्हणून सांगा! पण नाही, तोंडात मिठाची गुळणी. फोन ठेवून त्यांनी ताट ओट्याच्या कडेला सरकवलं. मला तोंड असूनही बोलता येत नाही, याचा एवढा राग कधी आला नव्हता.

सकाळी सुंदराबाईंनी ताट पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाल्या, "फेकू नका, भाऊ. वाळवा. घरी नसलेल्या मानसासाठीच तर वाळवण करतेत."

श्रावणभाऊंनी गच्चीवर संध्याबाईंचं जुनं लुगडं अंथरलं आणि कांड्या एकेक करून मांडल्या. अकोल्याचं ऊन ते, दोन दिवसांत कांड्या खडखडीत झाल्या. रस्सा मात्र त्यांनी एकट्यानंच भाकरीसोबत संपवला.

आता कांड्या फळीवर डब्यात आहेत आणि डब्याशेजारी मी. त्यांनी मला माळ्यावर टाकलं नाही. येता-जाता एकदा डबा हलवून बघतात.

दीक्षा, तुझ्या बापानं एक कांडी रात्रभर पाण्यात भिजवून पाहिली. सकाळी ती मऊ झाली होती. खाल्ली आणि बाकीच्यांवर घट्ट झाकण लावलं. आई नाही, हे खरं आहे गं पोरी. पण आता तो माणूस दारात उभा राहत नाही, ओट्याशी उभा राहतो. ये.