दोन काट्यांमधलं अंतर

मी वायुभारमापक बोलतोय. नाव जड वाटलं ना? बोईसरच्या भंगारवाल्यालाही ते ठाऊक नव्हतं. "घडी है सेठ, बंद पडी है," म्हणत त्याने मला बळवंतरावांच्या हाती दिलं.

घरी त्यांनी मला उलटंपालटं केलं. "सेल कुठं घालायचा गं याला?"

"ऱ्हाऊ द्या हो. पितळ हाय, घासून लख्ख करते," शैलाताई म्हणाल्या. मला देव्हाऱ्याशेजारचा खिळा मिळाला.

मला ओळखलं ते त्यांच्या लेकीने, तेजलने. ती हवामानशास्त्र शिकते. माझ्या पोटात पातळ पत्र्याची डबी आहे. हवेचा दाब कमी झाला की ती फुगते आणि माझा काळा काटा खाली उतरतो. दुसरा, पितळी काटा आपणहून हलत नाही; तेजल संध्याकाळी मधली कळ फिरवून तो काळ्यावर आणून ठेवते आणि सकाळी काळा त्याच्यापासून किती उतरला ते बघते. जितका जास्त, तितकं मोठं वादळ.

गंमत अशी, की जन्मभर वादळाची वर्दी देऊनही मी वादळ पाहिलेलं नाही. मी सांगितलं की माणसं खिडक्याच लावून घेतात! तेजल मात्र वादळाकडे निघाली होती. चुलतभाऊ भावेशच्या मोटरसायकलवरून मनोरमार्गे विक्रमगडकडच्या माळावर, विजांचे फोटो काढायला.

निघायच्या दिवशी शुक्रवार होता, शैलाताईंचा देवीचा उपास. पूजा झाल्यावर त्यांनी माझ्या काचेवर पितळी काट्यापाशी हळदीचं बोट लावलं, काळ्यापाशी कुंकवाचं. मग थबकल्या. "असे लांब लांब का बरं दोघं?" त्यांनी मधली कळ फिरवली, पितळ्याला काळ्याशेजारी नेलं आणि समाधानाने हात जोडले.

मी आतल्या आत तळमळलो. मला तोंड कुठे आहे?

तेजल भावेशला घेऊन आली. "दादा, काटा हललाच नाही. फोनवर अख्ख्या जिल्ह्याला पिवळा इशारा आहे, पण आपल्याकडे मोठं काही नाही. बाइक काढ. पार माळाच्या टोकाला उभं राहू."

उघडा माळ, त्यावर उभी दोन माणसं आणि वर वीज. 

शैलाताईंनी लेकीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "झालं ना मनासारखं? मी पण सकाळीच जोडी जमवली त्यांची."

"कुणाची?"

"काट्यांची गं. रुसल्यासारखे बसले होते. बरं नाय दिसत."

तेजलने वळून पाहिलं. काचेवर पितळ्याच्या आधीच्या जागी हळद तशीच होती, कुंकू तसंच. तिने दोन्हींमधलं अंतर बोटांनी मोजलं. "आई! एवढा उतरलाय हा? दादा, मोठं येतंय!"

शैलाताईंचा चेहरा उतरला. "देवा, मी काय करून बसले! नको जाऊस मग."

"काकी, तुम्ही तर वादळालाच हळदीकुंकू दिलंत," भावेश म्हणाला. शैलाताईंना डोळ्यांतल्या पाण्यासकट हसू फुटलं.

"आई, वर्षभर वाट बघितलीय गं," तेजल हळूच म्हणाली.

शैलाताईंनी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाइक नाय. बाबांची गाडी न्या, काचा बंद. माळावर पाय ठेवायचा नाय. आणि याला संगती न्या, हा म्हणेल तसं वागा."

म्हणून आता मी तेजलच्या मांडीवर आहे. मनोरच्या पुढे एका हॉटेलच्या अंगणात गाडी थांबलीय. समोर ढग चढलाय, खालून सपाट, वर फुललेला. आत वीज हलली की तो पडद्याआड समई लावल्यासारखा उजळतो. हे असतं होय ते!

फोन वाजला. "काय म्हणतो गं तो?"

"अजून उतरतोय, आई. पुढे जात नाही आम्ही, इथूनच बघतोय."

पलीकडून मग दबक्या आवाजात, "दिसतंय कसं गं?"

तेजलने व्हिडिओ सुरू करून फोन गाडीच्या काचेकडे वळवला. "अगंबाई!" एवढंच ऐकू आलं, आणि मग कितीतरी वेळ कुणीच फोन ठेवला नाही.

शैलाताई, एक मागणं आहे. परत टांगाल तेव्हा मला खिडकीसमोर टांगा. आणि माझा काटा खाली उतरला की खिडकी लावून घ्या, पण काचेशी क्षणभर थांबा. आपण दोघं मिळून बघू.