गोरं करायचा आकडा

आमच्या दूध संघात कॉम्प्युटर आला तो हिशोबासाठी. पण एकोणनव्वद साली त्याच्यावर मी काय करत बसले होते, तर संचालकांना गोरं. संघाची स्मरणिका निघायची होती. फोटोवरून फिरवायचं एक छोटं यंत्र मिळालं होतं, त्यानं फोटो आत घ्यायचा. मग काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची आणि शेवटी एक आकडा द्यायचा, की फोटोचे बारीक ठिपके होऊन प्रिंटर ते करकर करत कागदावर उतरवायचा. आकडा कमी दिला की माणूस काळा, वाढवला की उजळ. "विमलताई, अजून थोडं वाढवा की." अहो, चेहऱ्यावर आता नुसती मिशी उरलीय, आणखी काय उजळू? पण हे तोंडावर बोलायची सोय नव्हती. नोकरी त्यांच्याच सहीनं लागलेली.

त्यात ईट गावाहून दोघी आल्या. एक चांगुणा, नवं नवं लग्न झालेली पोरगी. दुसरी तिला लहानाचं मोठं करणारी मावशी, मथुराबाई. चांगुणानं रुमालातून जुना फोटो काढला. दुष्काळात तलावाच्या कामावर काढलेला. बायांची रांग, मागं मातीचा ढीग. अगदी टोकाला, ढिगाच्या सावलीत उभी ती तिची आई, भिमाबाई. दुष्काळ सरला आणि पाठोपाठ भिमाबाई तापानं गेली. तिचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

"ताई, आईचं तोंड पाहिजे," चांगुणा म्हणाली. "म्या बघितलं आसंल, पर ध्यानात न्हाय. नव्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावायचंय. स्टुडिओत मोठा करून घेतला, तर तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. लोक म्हणले, कॉम्प्युटर समदं काढतो."

काढतो म्हणे! मला राग आला. तिचा नव्हे, तिला असं सांगून एस्टीत बसवून देणाऱ्यांचा. फोटोत जे नाही ते हे डबडं कुठून आणणार? मी तसं स्पष्टच सांगितलं. चांगुणा बसली नाही की परत फिरली नाही.

"बघा तरी," म्हणाली. "मला घरी टाकून जायची कामावर. कडंवर घेतलेलं बी कुणी सांगत न्हाय. निदान तोंड तरी बघू द्या."

मी फोटो आत घेतला, टोकाचा तुकडा मोठा केला आणि नेहमीचा आकडा दिला. कागदावर काळा ढिगारा आला. कमरेशी एक फुगवटा.

"ती माती वाहायची पाटी," मथुराबाई म्हणाल्या.

हाताला सवय लागलेली, म्हणून पुढच्या खेपेला मी संचालकांचा आकडा दिला. शेजारची बाई पार पांढरी होऊन गेली, पण सावलीतलं तेवढं उघडं पडलं. भिमाबाईनं पदर पुढं ओढला होता आणि मान पूर्ण खाली घातली होती. तोंड दिसत नव्हतंच. हिला आता कसं सांगू, या विचारात असतानाच माझी नजर पाटीवर गेली. पाटीला एवढंसं पाऊल होतं.

मी कागद मथुराबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"आगं बया. पाटी कुठली, तू हायस ही."

"मी? मला तर घरी ठिवायची ना?"

"रोज ठिवायची माझ्यापाशी. एक दिस तुला ताप भरला, तवा घिऊन गेली. सांजच्याला हसत सांगितलं मला. फोटोवाला आला, तर साहेब म्हणला, लेकरं फोटोत नकोत, तिकडं झाडाखाली ठिवा. समद्या बायांनी ठिवली. हिनं न्हाय ठिवलं. पदराखाली घिऊन वाकून उभी राहिली. मी मेली इसरूनच गेले बघ."

चांगुणानं कागद घेतला आणि मगच खाली बसली.

आमचे मॅनेजर वसंतराव केव्हाचे मागं उभे होते. मनुष्य मनानं चांगला. हळूच म्हणाले, "विमल, नाक-डोळे हातानं ठिपके टाकून काढून दे की. संचालकांच्या टकलावर केस काढून दिलेस, हिला एवढं कर."

मी करणार होते, खरंच. खुर्ची पुढं ओढली. "काढू का गं? मावशींना विचारत विचारत काढते, जमेल."

चांगुणाचं बोट त्या पावलावर होतं. तिनं मान वर केली नाही.

"नको ताई," ती म्हणाली. "ती माझ्याकडं बघायलीय. बघू द्या."