प्रस्थानाची पिशवी

मी पिशवी बोलतेय. निळी, जाड कापडाची, दोन बंदांची. वारज्यात एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. राहते म्हणजे, रात्री पूर्वाच्या घरात आणि दिवसभर समोरच्या प्रेमलाकाकूंच्या दाराआतल्या चपलांच्या स्टँडवर. त्याच्या पलीकडे माझं जाणं नाही.

मला पूर्वाच्या आईने, शालनबाईंनी, लोणी काळभोरला शिवलं. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्यात न्यायला. तेवढा एक प्रवास मी खरा केला. दुपटी, टोपडी, तुपाचा डबा, सगळं माझ्या पोटात. येताना बाळाच्या, तेजस्विनीच्या अंगाचा वास घेऊन आले. वाटलं, आता पोरीबरोबर आपलंही फिरणं होईल.

पण या घरात राहुकाळ पाळतात. रोज दीड तास, वाराप्रमाणे वेळ बदलते. तेवढ्यात कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पूर्वाच्या सासूबाई, विजयमालाबाई, त्याबाबतीत फार कडक. त्यांनाही नावं ठेवता येत नाहीत हो. त्यांचे मालक अशाच वेळी स्कूटर काढून गेले, ते परत आलेच नाहीत.

यातून वाट काढायची एक रीत आहे, प्रस्थान ठेवायची. राहुकाळ लागायच्या आत आपलं सामान शेजारी नेऊन ठेवायचं. मग माणूस उशिरा निघालं तरी चांगल्या वेळी निघाल्यासारखंच. जाताना सामान उचलायचं आणि पुढे व्हायचं.

तेजस्विनीला बाळदमा निघाला आणि पूर्वाच्या जिवाला घोर लागला. नवरा समाधान हिंजवडीला कंपनीच्या बसवर, तो रात्रीच घरी. राहुकाळातच पोरीला श्वास लागला तर? सासूबाई बाहेर पडू देतील का? म्हणून ती रोज सकाळीच मला काकूंकडे ठेवायला लागली. माझ्यात पोरीचे कपडे, दवाखान्याची फाईल आणि श्वास लागला की तोंडाला लावायचा पंप. घाईत राहायला नको म्हणून तोही माझ्यातच. घरी लागलाच तर समोरच्याच दारात तर आहे, असा तिचा हिशोब.

"रोज निघते आणि आमच्या दारात पोचते," काकू म्हणायच्या. "मज्जा आहे बुवा या पिशवीची. आमच्या दाराला धर्मशाळेची पाटीच लावते आता."

पूर्वा ओशाळं हसायची. मला हसता येत नाही.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. काकू दहालाच दार ओढून बाहेर पडल्या. मी आतच.

थोड्या वेळाने बेल वाजली. मग दारावर थापा.

"काकू! अहो काकू, दार उघडा!"

माझ्या शेजारीच काकूंचा मोबाईल वाजायला लागला. त्या घरीच विसरून गेल्या होत्या. दाराबाहेर पूर्वा फोन लावत होती आणि आत तो माझ्या कानाशी वाजत होता. पंप माझ्या पोटात. दाराला फट होती तेवढीच. तिच्यातून मला तेजस्विनीचा श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा.

"आई, मी हिला घेऊन दवाखान्यात जाते," पूर्वा सासूबाईंना म्हणाली.

"अगं, प्रस्थान आत अडकलंय. ते न उचलता राहुकाळात कशी निघशील? मी वाफ देते. बारापर्यंत कळ काढ."

"बरगड्या आत ओढल्या जातायत हिच्या, बघा तरी!"

विजयमालाबाई रडायलाच लागल्या. "यांनाही मी अडवलं होतं गं. ऐकलं नाही त्यांनी."

"तुमचं दुःख मला कळतं, आई. पण मी थांबणार नाही."

जिन्यावरून चपला धाडधाड उतरत गेल्या. मग काहीच नाही. विजयमालाबाई माझ्या समोरच्या दारात उभ्या होत्या, बांगड्यांवरून कळत होतं. देवाचं नाव घेत होत्या. मी इकडे, त्या तिकडे. दोघी अडकलेल्या.

काकू आल्या दीडला. बाहेर पूर्वाचा आवाज आला. दवाखान्यात मास्क लावला, पोरीची धाप बसली, आता झोपलीय म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असतात तर अवघड होतं."

काकूंनी मला उचलून तिच्या हातात दिलं. टोमणा नाही, काही नाही. नुसतं "माझं चुकलं गं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, राहुकाळ नऊला. मला वाटलं, आता तरी सुटले. पण नाही. पूर्वाने पंप काढून पोरीच्या उशाशी ठेवला आणि मला तशीच सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं. मग गुपचूप समोर नेऊन ठेवलं.

"हलकी झाली हो," काकू म्हणाल्या.

"असू दे. निघायला वजन कशाला लागतं?"

म्हणून मी अजून इथेच आहे, चपलांच्या वासात. कुणाची भीती जात नाही तोवर मला रोज निघावं लागणार आणि कुठेच जाता येणार नाही. माझी तक्रार नाही. ठेवा मला बाहेर, हवं तर जन्मभर ठेवा. पण बायांनो, लेकराचं औषध लेकराजवळ असू द्या. माझ्यात नको. ते हाक मारतं तेव्हा मला उठून येता येत नाही.